भाऊंचं एक मिनिट

भाताच्या कणगीतून सांडलेल्या साळींच्या ढिगाशेजारी बसलेली ती बाई अजून माझ्या नजरेसमोरून हलत नाही. नोकरीत मी दरोडे पाहिले, खून पाहिले. त्यातले बरेच आता आठवणीत एकमेकांत मिसळून गेलेत. ही साध्या घरफोडीची केस मात्र जशीच्या तशी राहिली आहे. तिच्यात कुणाच्या अंगाला ओरखडाही आला नव्हता. गुन्हा उघडकीस आला, आरोपी सापडले, मुद्देमालही बराचसा मिळाला. तरी एक माणूस त्यात कायमचा संपला, आणि त्याला संपवणारा आरोपपत्रात कुठेच नव्हता.

तेव्हा मी आंबेगाव तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. घोडेगावच्या पुढे तळेघरच्या बाजूला डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे. फिर्यादी बाई तिथली, विधवा. लेक मंचरला दिलेली. लेकीचं डोहाळजेवण मंचरच्या एका कार्यालयात होतं, म्हणून दीर-जावेसकट सगळं घर तिकडे गेलं होतं. परत येऊन पाहतात तर दाराचा कोयंडा उचकटलेला, मधल्या खोलीतली कणगी आडवी आणि घरभर साळी.

पंचनामा करताना एक गोष्ट लगेच ध्यानात आली. घरात लोखंडी कपाट होतं, त्याला हातही लागला नव्हता. टीव्ही जागेवर, ट्रंका बंद. चोर घरात शिरला की आधी कपाटाला भिडतो, मग गाद्या उलथतो, मग डबे. हे लोक दारातून शिरले ते थेट कणगीकडे गेले, आणि काम झाल्यावर निघून गेले. सोनं तिथंच ठेवलेलं असायचं, तळाशी, फडक्यात बांधून; ते गेलं होतं. बाईचा नवरा गेला तेव्हा त्याच्या विम्याची रक्कम आली होती. तिनं तिचं सोनं करून ठेवलं होतं, थोडं लेकीच्या बाळंतपणाला आणि बाकीचं स्वतःच्या म्हातारपणाला. श्वान पथक आलं. कुत्रं बांधावरून डांबरी रस्त्यापर्यंत गेलं आणि तिथं बसलं. म्हणजे पुढं गाडी.

"कणगीत सोनं आहे हे कुणाला माहीत होतं?" मी विचारलं.

"कुनाला बी न्हाई सायेब. माह्या सख्ख्या भावाला बी ठाव न्हाई."

माझा अनुभव असा की घरातलं सोनं गेलं की पहिला संशय जावेवर, दुसरा दिरावर आणि महिनाभर तपास लागला नाही की तिसरा पोलिसांवर. वाडीनं दिराकडे बोट दाखवलं. मी त्याला बोलावून घेतलं. त्याचं मोबाईल लोकेशन दिवसभर मंचरचं निघालं आणि कार्यालयात तो पंक्तीत वाढत होता याला शंभर साक्षीदार होते. तरीही भावकीनं त्याच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

पुढं महिन्याच्या क्राइम मीटिंगला जुन्नर तालुक्यातल्या एका अधिकाऱ्यानं त्याच्या हद्दीतली घरफोडी सांगितली. ओझरजवळच्या एका बागायतदाराचं घर. कुटुंब सहलीला गेलेलं. कपाट शाबूत. चोरांनी देवघरातला पाट बाजूला करून खालची फरशी उचलली होती. ते ऐकलं आणि मी हातातला चहा खाली ठेवला. दोन तालुके, दोन प्रकारची माणसं, एकमेकांची तोंडही न पाहिलेली. पण दोन्ही घरांच्या पोटातली गोष्ट कुणा एकाला कळत होती.

टीप दिली ती तळेघरच्या रस्त्यावर माणसं भरून वडाप जीप चालवणाऱ्या एकानं. त्या वाटेवर एसटी कमी, त्यामुळं कोण आलं, कुणाकडं उतरलं हे त्याला तोंडपाठ.

"सायेब, त्या घरात बाहेरचा मानूस एकच जातो. विमावालं भाऊ. पार चुलीपुढं बसून च्या पित्यात. पन राव, भाऊ तसं न्हाईत. लई सज्जन मानूस."

मी ओझरच्या कुटुंबाला फोन लावून विमा एजंट कोण म्हणून विचारलं. तेच भाऊ.

भाऊंना दोन्ही तालुके ओळखत. खरं नाव इथं सांगत नाही; लोक भाऊ म्हणत, मीही भाऊच म्हणतो. साठीकडे झुकलेले, पांढरा शर्ट, काखेत रेक्झिनची बॅग. आमच्या भागात दशक्रिया विधी हा मोठा सोहळा असतो. घाटावर मांडव, कीर्तनकाराचं प्रवचन, पुढाऱ्यांची श्रद्धांजली, पंचक्रोशीतली झाडून सगळी माणसं. भाऊ एकही दशक्रिया चुकवत नसत. मागं बसत, धंद्याचा शब्द काढत नसत. मग आठवड्यानं त्या घरी जात, विम्याचे कागद शोधायला मदत करत, बायकांना अंगठा कुठं आणि सही कुठं ते दाखवत, मंजुरी येईपर्यंत पाठपुरावा करत. नवी पॉलिसी त्या घरातून आपणहून येई. अशी त्यांची तीस वर्षं गेली होती. ज्याच्या समोर बाई रडलेली असते, त्याच्यापासून ती काही लपवत नाही. कणगीही लपवत नाही.

मी त्यांना चौकशीला बोलावलं. अटक नव्हे, नुसती चौकशी. पण तालुक्याच्या गावात ठाण्याच्या बाकावर बसलेला माणूस म्हणजे निम्मी शिक्षा झालेला माणूस. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण आत डोकावून जातो. तीन दिवस भाऊ त्या बाकावर येऊन बसत होते. गुन्ह्यांचा माग काढणाऱ्या आमच्या डीबी पथकातल्या पोरांना ते सोनं त्यांच्याच बॅगेत दिसायला लागलं होतं.

त्यांचं उत्तर एकच. "साहेब, मी कुणाला काय बी सांगितलं नाय. देवाशपथ."

दुसऱ्या दिवशी त्यांची पत्नी डबा घेऊन आली. ती म्हणाली, "साहेब, ह्ये मानूस घरी मला बी सांगत न्हाई कुनाच्या घरात काय हाय त्ये. मी इचारलं तर म्हनत्यात, लोकांचं हाय त्ये, आपलं न्हाई."

ती खरं बोलत होती. इतक्या वर्षांत खोटं ऐकून ऐकून कान तयार झालेले असतात. भाऊही खरं बोलत होते, निदान त्यांना तसं वाटत होतं. मग गोष्ट बाहेर गेली कुठून?

तिसऱ्या दिवशी मी चोरीचा विषयच काढला नाही. आठवडाभर काय काय करता ते सांगा म्हटलं. सोमवारपासून सांगत सांगत ते एका सकाळपर्यंत आले. "त्या दिवशी आमचा ग्रुप असतो ना साहेब, व्यापाऱ्यांचा."

हायवेवरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये दर आठवड्याला सकाळी भरणारा तो ग्रुप. ग्रीलवाला, स्टीलच्या कपाटांचा दुकानदार, केटरर, सहली नेणारा, पाण्याच्या फिल्टरचा एजन्सीवाला, असे वीस-पंचवीस जण. नियम साधा: एका धंद्याला एकच खुर्ची. विमावाला एकच. तुम्ही घेतली नाही तर दुसरा घेईल. पोरं मोबाईलवर पॉलिसी काढायला लागली, बँकेचे कारकून कर्जाबरोबर विमा चिकटवायला लागले, भाऊंचा धंदा वर्षागणिक आटत चालला होता. कपाटवाल्यानं "भाऊ, खुर्ची रिकामी हाय, सोडू नका," म्हटलं आणि भाऊंनी ती धरली.

"मग धंदा वाढला का?"

ते थोडं हसले. तीन दिवसांत पहिल्यांदाच. "ग्रुपमधी समद्यांच्या घरात एकेक विमावाला आधीच हाय साहेब. कुनाचा मेव्हना, कुनाचा साडू. भिडंखातर दोघा-तिघांनी पॉलिशी घेतल्या, दुसऱ्या वर्षी हप्ताच भरला न्हाई. माझ्या घरी मात्र समदं आलं. फिल्टर आला, ग्रील आलं, कपाट आलं. मला गिऱ्हाइकं मिळाली न्हाईत, मीच गिऱ्हाईक झालो."

"मग सोडलं का नाही?"

"खुर्ची सुटली की दुसरा बसनार. आन् मंग मी कुठं जाऊ?"

मी विचारलं, तिथं नेमकं करता काय. ते म्हणाले, प्रत्येकाला एक मिनिट मिळतं. उभं राहून आपली ओळख सांगायची, मग इतरांसाठी आणलेले रेफरन्स द्यायचे. म्हणजे कुणाला कशाची गरज आहे ते नावगावासकट सांगायचं. ज्याच्याकडं काहीच नसतं त्यानं "या आठवड्यात माझ्याकडे काही नाही" असं उभं राहून म्हणायचं, आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. ते सांगताना त्यांनी मान खाली घातली. साठीच्या माणसाला त्या टाळ्या काय लागत असतील ते मला समजलं.

"करून दाखवा," मी म्हटलं. "डोहाळजेवणाच्या आधी बोलला होतात तसंच."

ते खुर्चीवरून उठले. शर्ट खाली ओढला. आणि माझ्या केबिनमध्ये, हवालदारासमोर, त्यांची भाषाच बदलली.

"सुप्रभात मित्रांनो. मी आपला विमा सल्लागार. विमा म्हणजे खर्च नव्हे, कुटुंबावरचं छत्र. आज माझ्याकडे दोन रेफरन्स आहेत. पहिला आमच्या केटरर बंधूंसाठी. तळेघरच्या अलीकडच्या वाडीतल्या एका ताईंच्या मुलीचं डोहाळजेवण आहे, पुढच्या रविवारी, मंचरला. सगळं घर दिवसभर तिकडंच आहे, तर बंधूंनी आजच फोन करावा. दुसरा रेफरन्स आपल्या स्टील फर्निचरवाल्या दादांसाठी. त्याच ताईंचं कपाट जुनं आहे, कुलूपही लागत नाही. त्यांना लॉकरच्या कपाटाची फार गरज आहे. कारण बिचाऱ्या सगळे दागिने कण..."

ते थांबले. तोंड उघडंच राहिलं. हवालदारानं माझ्याकडं पाहिलं, मी त्याला हातानं गप्प राहायला सांगितलं. भाऊंनी खुर्ची चाचपली आणि तिच्यावर बसण्याऐवजी खाली फरशीवर बसले.

"साहेब," ते म्हणाले, "मी तिच्या भल्यासाठीच बोललो व्हतो."

मी नोकरीत कबुलीजबाब पुष्कळ ऐकले. गुन्हा न केलेल्या माणसाचा कबुलीजबाब तो एकच, आणि माझं मन त्या वेळी पार उदास झालं. त्यांना सांगणं हे 'सांगणं' वाटलंच नव्हतं. तो रेफरन्स होता. ओझरच्या घराचंही तसंच. सहलवाल्याला तारीख दिली, बांधकाम ठेकेदाराला देवघरातल्या पाटाखालची सैल झालेली फरशी दिली. एकट्या केटररला किंवा एकट्या कपाटवाल्याला अर्धीच गोष्ट कळत होती. पण दोन्ही अर्धे भाग एकाच हॉलमध्ये, एकाच मिनिटात, मोठ्यानं बोलले जात होते.

आता ऐकणारा कोण ते शोधायचं होतं. मी भाऊंना म्हटलं, पुढच्या बैठकीला जा आणि मी सांगतो तो रेफरन्स द्या. अवसरी खुर्दच्या पलीकडं माझ्या एका शिपायाच्या मावशीचं घर होतं. घर चतुर्थीला ओझरला जाणार, आणि दागिने माळ्यावर बाजरीच्या पोत्यात, असं सांगायचं.

"चारचौघांत खोटं बोलू साहेब?"

"इतके दिवस खरं बोललात, त्यानं काय झालं ते पाहिलंत ना?"

माझा एक उपनिरीक्षक पाहुणा म्हणून त्या बैठकीला गेला, टाइल्सचा व्यापारी बनून. त्यानं येऊन सांगितलं की भाऊंनी नजर खालीच ठेवली होती, पण ते पूर्ण बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाइल्सची खुर्चीही रिकामीच होती, त्यामुळं अध्यक्षांनी त्याला सभासद होण्याचा आग्रह धरला. पोरगा जवळजवळ हो म्हणून आला होता.

चतुर्थीच्या दिवशी आम्ही पंचांसह त्या घरात आणि शेजारच्या गोठ्यात दबा धरून बसलो. भरदुपारी पाण्याच्या फिल्टरच्या जाहिरातीची गाडी दारात थांबली. एजन्सीवाला आणि त्याचा एक माणूस उतरले, हातात सर्व्हिसची बॅग. शेजारच्या म्हातारीनं त्यांना हाकही मारली, "पावनं, घरात कोन न्हाई." ते म्हणाले, "माहीत हाय मावशी, सर्व्हिस बाहेरूनच करायचीय." बॅगेतून कटावणी निघाली. ते माळ्यावर चढले, पोत्यात हात घातला, आणि आम्ही खालची शिडी काढली.

रिमांडमध्ये त्यानं दोन्ही घरफोड्या कबूल केल्या. तो बाहेरून येऊन इथं एजन्सी घेतलेला, फिल्टर कुणी घेईना म्हणून ग्रुपमध्ये शिरलेला माणूस. "साहेब, धंदा मिळत नव्हता, पण बातमी रोज मिळायची," असं म्हणाला. बहुतेक सोनं सोनाराकडं वितळून लगड झालं होतं. भाऊंचं नाव साक्षीदार म्हणून आरोपपत्रात गेलं. ते काय बोलले ते त्यांच्या जबाबात लिहिणं भागच होतं, आणि एकदा लिहिलं की ते गावभर झालं.

कोर्टाच्या आदेशानं मुद्देमाल परत केला तो दिवस. बाई आली होती, दीर बरोबर होता. भाऊही आले होते, भिंतीला टेकून उभे. बाईनं लगड हातात घेतली, जुन्या मंगळसूत्राची ओळखीची एकच वाटी तेवढी तिनं कपाळाला लावली. मग ती भाऊंकडं वळली.

"भाऊ, चोराचा मला राग न्हाई. त्यो चोरच व्हता. पन तुमाला मी सख्ख्या भावाला दावलं न्हाई त्ये दावलं व्हतं."

"ताई, मी..."

"तुमी आमच्याकडं येऊ नगा आता."

ती भांडली असती, रडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच बोलली आणि पदर सावरून दिरामागं निघून गेली. मी भाऊंसाठी चहा मागवला, तो त्यांनी घेतला नाही.

काही दिवसांनी ग्रुपनं आमच्या पथकाचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी आडपडदा न ठेवता बोललो: लोकांच्या घरातली गोष्ट चारचौघांत काढू नका, कुणाला गरज असेल तर ज्याचं काम आहे त्याच्या कानात सांगा. टाळ्यांचा कडकडाट झाला. मग नेहमीप्रमाणं एकेक मिनिट सुरू झालं. भाऊंच्या खुर्चीवर झकपक कपडे केलेला एक तरुण बसला होता. तो उठला. "सुप्रभात मित्रांनो, मी आपला नवा विमा सल्लागार. आज माझ्याकडे एक रेफरन्स आहे. मंचरच्या एका डॉक्टर साहेबांचे वडील मागच्या आठवड्यात वारले, बंगल्यात आता आई एकट्याच असतात, तर सीसीटीव्हीवाल्या दादांनी..." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षही वाजवत होते, आत्ता माझ्यासाठी वाजवल्या तशाच. मी नारळ पिशवीत टाकला आणि नाश्ता न करता निघालो.

निवृत्तीनंतर ओळखीची विमा एजंट पोरं मला विचारतात, साहेब, असा ग्रुप धरावा का? मी सांगतो, ग्रीलवाल्याला परवडेल. त्याच्याकडं लोखंड आहे, तो लोखंड दाखवेल आणि नाव घेईल. तुमच्याकडं दाखवायला आहे काय? कुणाला साखरेचा आजार आहे, कुणाचा मुलगा वेगळा राहतो, कुणाच्या घरात किती जीव आहेत. लोक तुम्हाला ते सांगतात म्हणून तुमचा धंदा चालतो. आणि त्या खुर्चीचं भाडं नेमकं त्याच नाण्यात मागतात. पोरं मान डोलावतात आणि पुढच्या आठवड्यात फॉर्म भरतात. मी तरी कुणाकुणाला अडवणार? त्या केसनं मला एवढंच शिकवलं की चोराला पकडणं सोपं असतं. चार शब्द एकदा बोलून गेलेल्या माणसाला त्याचं घरोघरचं दार परत मिळवून देणं पोलिसांच्या हातात नसतं, कुणाच्याच नसतं.

गेल्या वर्षी ओझरला कुकडीकाठी एका ओळखीच्या माणसाच्या दशक्रियेला गेलो होतो. प्रवचन चाललं होतं. मागं, मांडवाच्या बाहेर उन्हात, एकटे भाऊ बसले होते. आजूबाजूला दोन हात जागा रिकामी. लोक सावली सोडून उन्हात बसतात ते काही हौसेनं नाही. मी जाऊन त्यांच्याशेजारी बसलो. बॅग अजून होती, रेक्झिन उकललेली. एजन्सी नावाला चालू आहे म्हणाले. जुन्या दोन-चार जणांचे हप्ते ते भरून देतात, बाकी काही नाही. पत्नीचं विचारलं, ती बरी आहे म्हणाले.

मला वाटलं, आपण तरी काही करावं. माझ्या जावयाला मुलीसाठी पॉलिसी काढायची होती, खरोखरच काढायची होती. मी म्हटलं, "भाऊ, माझा जावई नारायणगावला असतो. त्याला मुलीच्या नावानं पॉलिसी हवीय. घरी कोण कोण असतं सांगतो, तुम्ही रविवारी..."

भाऊंनी घाईनं माझा हात धरला. आणि दुसरा हात स्वतःच्या कानावर ठेवला.

"नको साहेब. नाव सांगू नका. घर कुठं ते सांगू नका. कुनाच्या बी घरातलं मला आता काय सांगू नका."

प्रवचन संपलं. पिंड ठेवून लोक कावळ्याची वाट बघायला लागले. भाऊ उठले, मला नमस्कार केला आणि बॅग काखेत घेऊन घाटाच्या पायऱ्या चढून एकटेच निघून गेले.